क्रेनचे बाबा

१

क्रेन सापडली. चोरही सापडला, आणि माझे मामा सुटले.

आता हे विसरा. मालवाहतुकीचा रस्ता आणि बंदर सांभाळणाऱ्या कॉरिडॉर मंडळाच्या अधिकृत निवेदनानुसार क्रेन कधी हरवलीच नव्हती, त्यामुळे ती सापडण्याचा प्रश्न येत नाही. चोरी झाली नाही म्हणून चोर नाही. मामांना कुणी धरलंच नव्हतं, तर सोडणार कुठून? हे निवेदन मीच टाईप केलं आहे, कारण मी मंडळाचा प्रसिद्धी सहायक आहे. तेव्हा वरची ओळ तुम्ही वाचली नाही, मी लिहिली नाही, आणि आपण सोमवार सकाळपासून सुरुवात करू.

सोमवारी सकाळी मुलोंगेच्या कोरड्या बंदरातून क्रेन गायब होती.

कोरडं बंदर म्हणजे समुद्रापासून हजार किलोमीटर आत बांधलेलं बंदर. दारेसलामहून रेल्वेने आलेले कंटेनर इथे ट्रकवर चढवायचे, दक्षिणेकडून ट्रकने आलेलं तांबं इथे रेल्वेत भरायचं, अशी कल्पना. समुद्र नसेल, असं मंडळाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. तेवढं एक वचन त्यांनी पाळलं.

क्रेन मात्र आली होती. पिवळीधमक, दुमजली घराएवढी, माणसाच्या उंचीची चाकं, पुढे कंटेनर पकडायचा लांब हात. आठ महिन्यांत तिचं दोनदा उद्घाटन झालं. तिसरं येत्या शुक्रवारी होतं, आणि या वेळी कर्ज देणाऱ्या बँकेचे लोक येणार होते. बँकेचे लोक असंस्कृत असतात. फीत, भाषण, कोंबडी वगैरे नको म्हणाले. एक कंटेनर आमच्यासमोर उचलून दाखवा, एवढंच म्हणाले.

ती क्रेन चालवण्याचं प्रशिक्षण अख्ख्या जिल्ह्यात एकाच माणसाने घेतलेलं होतं : सिंपासा, माझ्या आईचा भाऊ. दारेसलामला दीड महिना राहून आलेला. आमच्याकडे संसारी माणसाला नावाने हाक मारणं म्हणजे त्याच्या तोंडावर दार आपटणं. पहिल्या मुलाच्या नावाने हाक मारतात, अमक्याचे बाबा, तमकीची आई. मामा-मामींना मूल नाही. पन्नाशीपर्यंत लोक मामांना ‘ते’ म्हणायचे. ‘अहो’ म्हणायचे. खोकायचे. क्रेन आली त्या आठवड्यात बाजारातल्या कांदेवालीने पहिल्यांदा हाक मारली, “क्रेनचे बाबा, कांदे न्या!” मामा दोन किलो कांदे जास्त घेऊन घरी आले, आणि मामी पदराआड रडली. तेव्हापासून ते क्रेनचे बाबा आणि मामी क्रेनची आई.

सोमवारी दुपारी त्यांना पोलिसांनी धरलं. क्रेनची किल्ली त्यांच्याकडे होती, आणि आमच्या पोलीस ठाण्याचा तर्क सरळ असतो.

कैद्यांचा ट्रक शुक्रवारी दुपारी कासामाच्या तुरुंगाकडे जातो. तिथून खटला उभा राहीपर्यंत काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. आमच्या गल्लीतला एक जण बकरी चोरल्याच्या संशयावरून गेला होता. बकरी म्हातारी होऊन मेली, तिच्या नातवंडांची लग्नाच्या जेवणात भाजी झाली, तो अजून तारखेची वाट बघतोय.

म्हणजे मामांना शुक्रवार दुपारपर्यंत वेळ होता. आणि मामा तोंड उघडायला तयार नव्हते.

२

मंगळवारी कासामाहून इन्स्पेक्टर नामुटोवे आल्या. चाळिशीच्या, जाड चष्म्याच्या, खिशात भाजलेले शेंगदाणे. त्यांचं माहेर याच भागातलं. जगातल्या प्रत्येक माणसाविषयी त्यांचं मत आधीच वाईट होतं, त्यामुळे चौकशीत त्यांचा वेळ वाचायचा.

“तू कोण?”

“मंडळाचा प्रसिद्धी सहायक, मॅडम. चिसेंगा. आरोपी माझे मामा आहेत.”

“म्हणजे खोटं बोलायचा पगार आणि खोटं बोलायचं कारण, दोन्ही तुझ्याकडे आहे. चल, प्रसिद्धी. जागा दाखव.”

यार्डात क्रेनच्या चाकांचे खड्डे होते आणि मध्ये स्वच्छ, पांढरी धूळ. मॅडम गुडघ्यावर बसल्या. धुळीवरून बोट फिरवलं, बोट बघितलं, मग मागे वळून स्वतःच्या पोलीस जीपखाली बघितलं. जीप येऊन पाच मिनिटं झाली होती आणि खाली तेलाचं तळं झालं होतं.

“क्रेन किती दिवस इथे उभी होती?”

“आठ महिने.”

“रोज चालायची?”

“रोज मामा हेल्मेट घालून वर चढायचे, मॅडम.”

“मी ते नाही विचारलं.”

मी यार्डाच्या बाहेरच्या ऑफिसात काम करतो आणि तिथे खिडकी नाही, म्हणून मी गप्प बसलो.

फाटकावरच्या पहारेकऱ्याला बोलावलं. रविवारी सकाळी तो फाटकावर नव्हता.

“कुठे होतास?”

“गेस्ट हाउसवर. डायरेक्टर साहेबांनी पाठवलं होतं. समारंभाच्या खुर्च्या भाड्याने आल्यात ना, त्यांच्यावर नजर ठेवायला.”

“क्रेन सोडून खुर्च्यांवर?”

“बाई, खुर्च्या चोरीला जातात,” तो समजावून सांगत म्हणाला. “क्रेन कोण नेणार?”

रविवारी सकाळी सगळं मुलोंगे चर्चमध्ये असतं. आमच्या पाद्रीबुवांना एकदा सूर लागला की जेवणाची वेळ टळते. त्या दिवशी तर डायरेक्टर कालुम्बासुद्धा आले होते. राजधानीतून बदलून आल्यापासून पहिल्यांदा. पहिल्या बाकावर बसून त्यांनी सगळी गाणी मोठ्याने म्हटली, ज्यांचे शब्द येत नव्हते तीसुद्धा. चर्चमध्ये नव्हते म्हणून नाव निघालं ते एकट्या मामांचं.

ऑफिसात भिंतीवर दुसऱ्या उद्घाटनाचा मोठा फोटो होता. राजधानीहून आणलेल्या फोटोग्राफरने काढलेला. क्रेनच्या हातात निळा कंटेनर, खाली हसणारे मंत्री, कमरेपासून वर. मॅडम फोटोसमोर बराच वेळ शेंगदाणे खात उभ्या राहिल्या.

“प्रसिद्धी, या फोटोत एक गोष्ट नाही.”

“काय, मॅडम?”

“जमीन.”

३

संशयितांत पहिली चोलाची आई. बंदरातल्या हमालांची मुकादम. क्रेन आली तेव्हा तिने भर बाजारात जाहीर केलं होतं की हे पिवळं भूत एक दिवस कालुंगू नदीत बुडवीन.

तिच्या टोळीची माणसं गेस्ट हाउसवर मांडव घालत होती, म्हणून आम्ही तिथेच गेलो. फाटकातून डायरेक्टरांच्या बंगल्याचा पिकअप बाहेर पडत होता, मागे हिरव्या फांद्यांचा ढीग. माळी वर बसला होता, राजासारखा.

“बुडवीन म्हणाले होते, म्हणाले होते!” चोलाची आई कंबरेवर हात ठेवून म्हणाली. “मी काय काय म्हणते त्याची यादी केलीस तर तुझे शेंगदाणे संपतील, मुली. डायरेक्टरला झाडाला उलटा टांगीन असंही म्हणाले मी परवा. ते नाही का लिहून घेत?”

“का टांगणार?”

“ते बघ की!”

अंगणात आंब्याची चार झाडं होती, पैकी दोन एका बाजूने भादरलेली. फळाने लगडलेल्या फांद्या गेल्या होत्या. खाली एक-दोन कैऱ्या चिरडून पडल्या होत्या.

“धरलं झाड छाटतो हा माणूस! पुढच्या महिन्यात घरोघरी पिठाचा डबा वाजायला लागेल, तेव्हा पोरं याचं काय खातील? टाय?”

“क्रेन सुरू झाली तर तुमच्या टोळीचं काम जाईल,” मॅडम म्हणाल्या.

चोलाच्या आईने कंबरेवरचे हात खाली घेतले. मग फार सावकाश म्हणाली, “हो का. जाईल का. बघू.” आणि मांडवाच्या बांबूंकडे निघून गेली.

मॅडमनी चष्मा पुसला. “ही बाई क्रेनला मुळीच घाबरत नाही,” त्या म्हणाल्या. “का?”

दुसरा सिवाले. अवजड माल वाहणारा मोठा ट्रेलर, ज्याला इथे सगळे लोबेड म्हणतात, तो मुलोंगेत त्याच्या एकट्याकडे. गळ्यात सोन्याची साखळी, बोलण्यात देव.

“क्रेन बंदरात आणली ती तुम्हीच ना?”

“देवाच्या कृपेने. माझ्या लोबेडवरून.”

“तिला चाकं असताना?”

“लांबचा रस्ता, बाई. नवी वस्तू, चाकं झिजू नयेत.”

“लोबेड कुठे आहे?”

“सीमेपलीकडे म्बेयाला, दुरुस्तीला. महिना झाला. देवच जाणे कधी येतो.”

“देवाला मी विचारीन,” मॅडम म्हणाल्या.

तिसरे डायरेक्टर कालुम्बा स्वतः. त्यांनी आम्हाला थंड खोलीत बसवलं आणि स्वतः उभे राहिले, म्हणजे भाषण करता येतं.

“इन्स्पेक्टर, हा विकासावरचा हल्ला आहे! ही क्रेन म्हणजे नुसतं यंत्र नव्हे...”

“हे मला पटतंय,” मॅडम म्हणाल्या. “झाडं का छाटलीत?”

“काय? झाडं? पाहुणे येताहेत. पानं गाड्यांवर पडतात. कचरा असतो नुसता.”

“कचरा कुठे टाकता?”

“माळ्याला विचारा! मी कॉरिडॉर चालवतो, बाग नाही.” मग आवाज मऊ करून म्हणाले, “सिंपासा साधा माणूस आहे हो. मोह झाला असेल. विमा आहे म्हणून बरं. तुम्ही गुरुवारपर्यंत अहवाल दिलात तर बँकेला दाखवता येईल.”

बाहेर आल्यावर मी म्हटलं, “मॅडम, मामांनी ती क्रेन नेली कुठे, हे कुणी विचारतच नाही.”

“कारण चोराला शोधायची घाई सगळ्यांना आहे,” त्या म्हणाल्या, “आणि क्रेनची कुणालाच नाही.”

४

मामा कोठडीत सतरंजीवर बसले होते, डोक्यावर पिवळं हेल्मेट. हवालदार न्शिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुक्या मासळीचं ताट घेऊन उभा होता.

“क्रेनचे बाबा, दोन घास खा हो. माझी बायको मला बोलते.”

“ठेव बाळा.”

मॅडम समोर बसल्या. “रविवारी कुठे होता?”

“झोपलो होतो.”

“हेल्मेट घालून?”

मामांनी ताट जरा बाजूला सारलं.

“तुम्ही क्रेन नेलीत?”

मामांनी जरा विचार केला. “लोक काय म्हणताहेत?” त्यांनी मला विचारलं.

“म्हणताहेत की एवढं मोठं धूड एकट्याने पळवलं. आवाजसुद्धा न करता.”

मामांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. मी त्यांचा भाचा आहे, मला ते ओळखू येतं. त्यांना बरं वाटलं होतं.

“मामा, शुक्रवारी ट्रक आहे! कासामा! काहीतरी बोला ना!”

“चिसेंगा, मी चोर नाही हे सांगायचं तर दुसरं काय सांगावं लागेल, ठाऊक आहे का तुला?” मग त्यांनी हेल्मेटचा पट्टा घट्ट केला. “चोराला निदान क्रेन चालवता येत होती, असं तरी म्हणतील.”

आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मॅडम थेट जीपपर्यंत चालत गेल्या. मग म्हणाल्या, “तुझा मामा चोरीचा आळ पांघरून बसलाय. खाली काय झाकलंय ते बघायला हवं.”

५

बुधवार, गुरुवार आम्ही रस्ता पालथा घातला. सीमेवर विचारलं, रेल्वेवाल्यांना विचारलं, खडीच्या खाणीत उतरलो. दुमजली पिवळी वस्तू कुणी पाहिली नव्हती. एका ट्रक ड्रायव्हरने उलट आम्हालाच विचारलं, की हत्ती हरवला असेल तर बक्षीस आहे का.

रस्ता म्हणजे कॉरिडॉर. प्रसिद्धीपत्रकात मी त्याला ‘समृद्धीची धमनी’ म्हणतो. प्रत्यक्षात तो ट्रकांची रांग, खड्डे, आणि जागोजागी बंद पडलेल्या गाड्या. इथे गाडी बंद पडली की ड्रायव्हर कोयत्याने जवळच्या झाडाच्या फांद्या तोडतो आणि गाडीच्या मागेपुढे डांबरावर टाकतो. फांद्या म्हणजे इथे कुणाचं तरी दुःख चालू आहे, वळसा घाला. थांबायचं नाही, विचारायचं नाही. फांद्या हिरव्या आहेत तोवर मालक जवळपास आहे, वस्तूला हात लावायचा नाही. फांद्या वाळल्या की मालकाने आशा सोडली असं धरतात. मग पहिल्यांदा टायर जातात, मग ताडपत्री, मग जे निघेल ते.

नदीच्या पुलाअलीकडेही असंच कुणाचं दुःख उभं होतं. ताडपत्री घातलेला मोठा बोजा, मागेपुढे फांद्या. मंगळवारी सिवालेकडे जाताना आम्ही त्याला वळसा घातला होता. बुधवारी जाता-येता घातला. गुरुवारी संध्याकाळी हात हलवत परत येताना मी सवयीने स्टिअरिंग वळवलं आणि मॅडम ओरडल्या, “थांब!”

मी ब्रेक दाबला. मागचा ट्रक माझ्या आईच्या नावाने काहीतरी बोलून पुढे गेला.

मॅडम उतरल्या. रस्त्यावर वाकून एक फांदी उचलली. उलटी केली. सुलटी केली. चष्मा कपाळावर चढवून तुटलेलं टोक पाहिलं.

“प्रसिद्धी. ही मंगळवारी कशी होती?”

“हिरवी.”

“काल?”

“हिरवी.”

“आज?”

मी बघितलं. ओलसर हिरवी. डिंकसुद्धा वाळला नव्हता.

“ऑक्टोबरचं ऊन आहे,” त्या म्हणाल्या. “माणसाचं दुःख इतकं ताजं राहत नाही.”

मग त्यांनी पानांचा झुबका बाजूला केला. देठाला एक कैरी लटकत होती.

६

शुक्रवारी सकाळी बँकेचे लोक सीमेकडून दोन पांढऱ्या गाड्यांतून आले. फांद्या दिसल्या तसे त्यांच्या ड्रायव्हरनी वळसा घ्यायला सुरुवात केली आणि समोर रस्त्याच्या मधोमध इन्स्पेक्टर नामुटोवे हात वर करून उभ्या दिसल्या. डायरेक्टर, त्यांचा माळी, सिवाले, आणि हमालांची टोळी त्यांनी आधीच बोलावून घेतली होती. मामा पोलीस जीपमध्ये होते. कैद्यांचा ट्रक दुपारी होता, तोवर ते आमचे.

“इथे का?” डायरेक्टर घाम पुसत म्हणाले. “समारंभ बंदरात आहे! खुर्च्या मांडल्यात!”

“खुर्च्या सुखरूप आहेत हे ऐकून बरं वाटलं,” मॅडम म्हणाल्या. “चोलाची आई, ओढा.”

टोळीने ताडपत्री ओढली.

पिवळी. दुमजली. लोबेडवर आडवा हात करून बसलेली. अख्ख्या जिल्ह्याने, सीमेवरच्या प्रत्येक ड्रायव्हरने, शोधपथकाने आणि मी रोज तिला आदराने वळसा घातला होता.

“सापडली!” डायरेक्टर पहिले ओरडले. त्यांचं चापल्य मला नेहमीच आवडतं. “चोराने इथे आणून लपवली! सिंपासा, लाज वाटते का?”

“सिंपासा सोमवारपासून कोठडीत आहेत,” मॅडम म्हणाल्या. “या फांद्या आज पहाटे तोडल्यात. कुणीतरी रोज बदलतंय, कारण त्या वाळल्या की लोक टायरपासून सुरुवात करतील. हे सिवाले यांना ठाऊक होतं, ते इथलेच. त्यांनी सांगितलं असणार, फांद्या हिरव्या ठेवा. पण तोडल्या कुणी? मी या भागात वाढले. धरलेल्या आंब्याला इथला कुणी हात लावत नाही. दारुडासुद्धा नाही, चोरसुद्धा नाही. आणि पुलापाशी एकही आंबा नाही. आंब्याला कचरा म्हणणारा माणूस मुलोंगेत एकच आहे, आणि त्याचा पिकअप रोज सकाळी हा कचरा भरून या बाजूला येतो.”

सगळ्यांनी माळ्याकडे बघितलं. माळी म्हणाला, “मी विचारलं होतं साहेबांना, की रानातल्या तोडू का? साहेब म्हणाले, झाड ते झाड, रानात साप असतात.”

“मूर्खा!” सिवाले डायरेक्टरांवर खेकसला. देवाचं नाव विसरला.

“तुमचा लोबेड म्बेयाला होता ना?” मॅडमनी विचारलं.

सिवालेने साखळी चाचपली. “तो... येताना इथे बंद पडला. रविवारी. गिअरबॉक्स. पुढचा ओढणारा ट्रक सोडवून नेलाय दुरुस्तीला. खरंच बंद पडला हो, बाई! नाहीतर आम्ही रविवारीच खाणीत...” आणि तो थांबला.

या सगळ्या प्रकरणातली एकमेव खरी गोष्ट म्हणजे तो बिघाड.

“पण मी माझीच क्रेन का चोरीन?” डायरेक्टर हसले. बँकवाल्यांकडे बघून हसले. “काहीतरी तर्क असावा!”

“आज ती कंटेनर उचलू शकली नसती म्हणून. यार्डात आठ महिने उभी होती आणि खाली तेलाचा एक थेंब नाही. माझी जीप पाच मिनिटांत तळं करते. फोटोत कंटेनर आहे, त्याखालची जमीन नाही, कारण कंटेनर जमिनीवरच होता. आली लोबेडवरून, गेली लोबेडवरून. चाकं आहेत, चालत नाही. मागचं झाकण उघडा.”

चोलाच्या आईने पहार लावली. झाकण कुरकुरत उघडलं आणि आतून काळ्या धुळीचा लोट आला. पांढऱ्या शर्टातल्या एका बँकवाल्याने आत वाकून बघितलं आणि तो बाहेर आला तेव्हा ओळखू येत नव्हता.

इंजिनाच्या जागी कोळशाची पोती होती. आठ. नीट रचलेली, तोंडाला गवताचे बोळे घातलेली. सिवाले रिकामी जागा कधी फुकट जाऊ देत नाही.

कुणी हसलं नाही, कारण सगळे मामांकडे बघत होते.

मामा जीपमधून उतरले होते. हातात बेड्या, डोक्यावर हेल्मेट. ते त्या उघड्या पोकळीकडे असे बघत होते, जसं कुणी त्यांचं तान्हं मूल चारचौघांत उघडं केलं असावं.

मॅडमचा आवाज पहिल्यांदाच खाली आला. “रविवारी हे शेजारच्या गावी, इसोकाला होते. हेल्मेट घालून बसमध्ये बसलेला माणूस कंडक्टर विसरत नाही. तिथल्या मेकॅनिकच्या अंगणात दिवसभर बसून हे विचारत होते, की इंजिन नसलेलं यंत्र एकदाच, फक्त शुक्रवारपुरतं, कसं सुरू करता येईल.”

“साहेब म्हणाले होते, इंजिन मागून येतंय,” मामा म्हणाले. “पहिल्याच दिवशी म्हणाले. तोवर रोज वर चढून बस, लोकांना सवय होऊ दे. मी बसलो.” मग ते टोळीकडे वळले. “मी तुम्हाला फसवलं. मला त्या नावाने हाक मारू नका आता.”

 मग चोलाच्या आईने काळे हात लुगड्याला पुसले.

“काय पण माणूस आहे! अहो, आम्ही आठ महिने रोज दुपारी तिच्या सावलीत जेवतो. कधी घरघर ऐकली नाही, कधी गरम लागली नाही. आम्ही काय दगड आहोत? दुसऱ्या आठवड्यातच कळलं होतं आम्हाला.”

मामांनी विचारलं, “कांदेवालीला?”

“तिला सगळ्यात आधी. तिचा भाऊ लोबेडवर होता.”

“मग... हाक का मारत होता?”

“मूल चालत नाही म्हणून बापाला बाप म्हणायचं सोडतं का कुणी?” ती हवालदाराकडे वळून ओरडली, “काढ रे त्या बेड्या! क्रेनच्या बाबांचा चहा राहिलाय सकाळपासून!”

७

आता अधिकृत बाजू.

मंडळाने त्याच संध्याकाळी जाहीर केलं की क्रेन हरवली नव्हती, तिचं रस्त्यालगत प्रात्यक्षिक ठेवण्यात आलं होतं. इन्स्पेक्टर नामुटोवेंची बदली अशा तालुक्यात झाली, जिथे चोरण्यासारखं काही नाही. जाताना त्यांनी मला उरलेले शेंगदाणे दिले आणि म्हणाल्या, “चांगलं लिहितोस, प्रसिद्धी. कधीतरी खरंही लिहून बघ.” डायरेक्टर कालुम्बांना बढती मिळाली. ते आता राजधानीत सगळ्या कॉरिडॉरच्या यंत्रसामग्रीची खरेदी बघतात. सिवालेने कोळसा परत मागितला.

बँकेचे लोक निघून गेले, आणि लोबेड ओढणारा ट्रक अजून दुरुस्तीला आहे. त्यामुळे क्रेन पुलापाशीच आहे. मामा रोज सकाळी सायकलवरून जातात, रानातल्या ताज्या फांद्या तोडून मागेपुढे टाकतात, हेल्मेटचा पट्टा बांधून वर चढतात आणि बसतात. ट्रकवाले वळसा घालताना हॉर्न देतात आणि ओरडतात, “क्रेनचे बाबा, बरं आहे ना!” मामा दोन बोटं हेल्मेटला लावतात.

मागच्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून एक अर्ज टाईप करायला सांगितला. मंडळाच्या पद्धतीने, तीन प्रतींत. तो असा :

‘महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, अर्जदार हे सदर क्रेनचे प्रशिक्षित चालक असून पुढील वर्षी सेवानिवृत्त होत आहेत. अर्जदाराच्या संपूर्ण सेवाकाळात त्यांचेकडून एकही अपघात झालेला नाही. सबब विनंती की, निवृत्तीपूर्वी सदर क्रेनमध्ये इंजिन बसवण्यात येऊन अर्जदारास एक कंटेनर, रिकामा असला तरी चालेल, जमिनीपासून एक वीत वर उचलण्याची व तितकाच वेळ धरून ठेवण्याची परवानगी मिळावी, जितक्या वेळात एक फोटो निघेल. फोटोत जमीन दिसावी, ही नम्र विनंती.’